टर्मिनलमध्ये चालतं, एडिटरमध्ये लाल दिसतं: कोड कम्प्लीशनसाठी कंपायलर फ्लॅग कसे सेट करायचे?

टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम व्यवस्थित कंपाइल होतो, आउटपुटही बरोबर येतं. पण तीच फाइल एडिटरमध्ये उघडली की पहिल्याच इन्क्लूडच्या ओळीला लाल रेघ. तिच्याखाली आणखी वीस. डॉट टाइप करून वाट पाहिली तर सुचवण्यांची यादी येत नाही, आणि आलीच तर तिच्यात आपण लिहिलेलं एकही फंक्शन नसतं. सी++ शिकणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो आणि बहुतेक जण पहिला संशय स्वतःच्या कोडवर घेतात.

मीही घेतला होता. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, अंधेरीपासून नायगावपर्यंत, एकदम बरोबर असलेला कोड मी फोनवर पाऊण तास ‘दुरुस्त’ करत बसलो. घरी पोचेपर्यंत तो खरंच बिघडला होता. कोडमध्ये चूक नव्हतीच. एडिटरला कंपायलर फ्लॅग माहीत नव्हते, एवढंच.

वसईचं विद्यावर्धिनी असो, विरारचं विवा असो किंवा रोज बोरिवली-अंधेरीला जाऊन गाठायचं कॉलेज असो, लॅबमधला कंप्युटर आठवड्यातून काही तासच हाताला लागतो. लॅपटॉप सगळ्यांकडे नसतो, फोन मात्र असतो. म्हणून या लेखात आधी फोनवरचं सेटिंग बघू आणि मग लॅबमधल्या कंप्युटरकडे वळू.

एक सूचना आधीच देतो. इथे कमांड, फ्लॅग आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. ‘कॅपिटल’ असं वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

कंपायलर फ्लॅग म्हणजे काय?

कंपायलरला फाइलीच्या नावाबरोबर ज्या जास्तीच्या सूचना देतो, त्या म्हणजे फ्लॅग. त्यांची सुरुवात डॅशने होते. समजा, आपला एक छोटा प्रोजेक्ट आहे: ‘ट्रेन’ नावाचं फोल्डर, त्यात मेन.सीपीपी ही फाइल आणि ‘इन्क्लूड’ नावाचं आतलं फोल्डर. त्या आतल्या फोल्डरमध्ये स्टेशन.एच. या हेडरमध्ये स्टेशन नावाचा क्लास आहे; त्यात स्टेशनचं नाव आणि चर्चगेटपासूनचं अंतर साठवलंय. विरारसाठी साधारण ६० किलोमीटर. टर्मिनलमध्ये आपण अशी कमांड देतो:

जी++ मेन.सीपीपी -एसटीडी=सी++१७ -आयइन्क्लूड -ओ ट्रेन

यातला ‘आय’ कॅपिटल आहे. या कमांडमध्ये कंपायलरला दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या: सी++ ची कोणती आवृत्ती धरायची आणि हेडर कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचे. वसईत कुणी नुसतं ‘स्टेशनजवळ राहतो’ म्हटलं की आपला पुढचा प्रश्न असतो, पूर्वेला की पश्चिमेला? कंपायलरचंही तसंच. नुसतं ‘स्टेशन.एच’ म्हटलं की त्याला ते कुठल्या बाजूला, कुठल्या गल्लीत आहे ते सांगावं लागतं. कॅपिटल आयचा फ्लॅग तेच सांगतो.

एडिटरला हे आपोआप का कळत नाही?

कारण ती कमांड तुम्ही टर्मिनलला दिलीत, एडिटरला नाही. एडिटर तुमच्या टर्मिनलमध्ये डोकावत नाही. त्याच्या मागे एक स्वतंत्र प्रोग्रॅम चालू असतो आणि तो तुमची फाइल स्वतःच वाचून काढतो. सी++ साठी त्यातला सगळ्यात चांगला म्हणजे क्लँग-डी. क्लँग हा पूर्ण कंपायलर आहे आणि क्लँग-डी हा त्याच कंपायलरचा वाचणारा भाग. तुम्ही टाइप करत असताना तो फाइल पुन्हा पुन्हा वाचतो, कुठल्या ऑब्जेक्टमध्ये कोणती फंक्शन आहेत ते समजून घेतो, आणि डॉट पडला की यादी पुढे करतो. म्हणजे कोड कम्प्लीशन हे अंदाजाने शब्द भरणाऱ्या कीबोर्डसारखं नाही. आधी फाइल नीट वाचली गेली तरच यादी येते. हेडर सापडलं नाही तर स्टेशन हा क्लास काय आहे हेच त्याला माहीत नसतं, मग तो सुचवणार काय?

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यानंतर एडिटर आणि असा वाचणारा प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरून गेलं. म्हणूनच आज एकच क्लँग-डी विम, हेलिक्स, व्हीएस कोड अशा सगळ्यांत चालतो. त्याआधी विम वापरणारे यूकम्प्लीटमी हे प्लगिन लावायचे, आणि त्याला फ्लॅग सांगायला पायथॉनमध्ये छोटी फाइल लिहावी लागायची. सी++ च्या सुचवण्या हव्यात म्हणून पायथॉन लिहा! त्या मानाने आताचं काम दोन मिनिटांचं आहे.

फोनवर सुरुवात

अँड्रॉइडवर टर्मक्स हे अॅप लागेल. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. उघडल्यावर आधी ‘पीकेजी अपग्रेड’ आणि मग ‘पीकेजी इन्स्टॉल क्लँग हेलिक्स’ या कमांड द्या. डाउनलोड मोठं आहे, तेव्हा वायफायवर असतानाच करा. क्लँगबरोबर क्लँग-डी येतो. हेलिक्स हा एडिटर मी मुद्दाम सुचवतोय, कारण त्याला क्लँग-डी कसा चालू करायचा हे आधीपासून माहीत असतं, प्लगिन लावत बसावं लागत नाही. विम आवडत असेल तर खुशाल वापरा. फ्लॅगची फाइल दोन्हीकडे तीच.

‘एचएक्स --हेल्थ सीपीपी’ असं टाइप केलंत की क्लँग-डीच्या नावापुढे बरोबरची खूण दिसायला हवी. दिसली की अर्धं काम झालं. आणि हे सगळं फोनमध्येच चालतं. भाईंदर-नायगावच्या मधल्या खाडीपुलावर नेट गेलं तरी सुचवण्या थांबत नाहीत.

फ्लॅगची फाइल

आता मुख्य काम. ‘ट्रेन’ फोल्डरमध्ये, मेन.सीपीपीच्या शेजारी, एक साधी टेक्स्ट फाइल बनवा. नाव: कंपाइल_फ्लॅग्स.टीएक्सटी. मधे अंडरस्कोर आहे, डॅश नाही. तिच्यात चार ओळी लिहा:

-एक्ससी++
-एसटीडी=सी++१७
-आयइन्क्लूड
-डब्ल्यूऑल

तिसऱ्या ओळीतला ‘आय’ आणि चौथ्यातला ‘डब्ल्यू’ कॅपिटल. फाइल सेव्ह करा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा. हेलिक्समध्ये बंद न करता ‘:एलएसपी-रीस्टार्ट’ दिलं तरी चालतं. मेन.सीपीपी उघडून स्टेशनच्या ऑब्जेक्टपुढे डॉट द्या. यादी यायला हवी.

क्लँग-डी ही फाइल तुमच्या कोडच्या फोल्डरमध्ये शोधतो, तिथे नसेल तर एक पायरी वर, मग आणखी वर. म्हणून प्रोजेक्टच्या सगळ्यात बाहेरच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवली की आतल्या सगळ्यांना लागू होते.

इथे सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा सांगतो. या फाइलीत एक ओळ म्हणजे एक फ्लॅग. टर्मिनलमध्ये कॅपिटल आय, मग स्पेस, मग फोल्डरचं नाव असं लिहिलं तरी चालतं, कारण टर्मिनल स्पेसवर तोडून दोन तुकडे करतं. या फाइलीत तसं कुणी तोडत नाही. स्पेस दिलीत तर क्लँग-डी नावाच्या सुरुवातीलाच स्पेस असलेलं फोल्डर शोधायला जातो, आणि ते अर्थातच सापडत नाही. एकतर नाव चिकटून लिहा, नाहीतर फ्लॅग एका ओळीत आणि फोल्डर पुढच्या ओळीत. अवतरणचिन्हंही देऊ नका.

प्रत्येक ओळ काय करते?

पहिली ओळ सांगते की भाषा सी++ आहे. मेन.सीपीपीला हे सांगायची गरज नसते, नावावरूनच कळतं. पण स्टेशन.एच उघडलंत की ‘डॉट एच’ बघून ते सी भाषेचं हेडर समजलं जातं आणि ‘क्लास’ हा शब्दच अनोळखी ठरतो. मेन फाइल स्वच्छ पण हेडर पूर्ण लाल, असं दिसलं तर ही ओळ राहिलीय असं समजा. प्रोजेक्ट सी भाषेचा असेल तर मात्र ती घालायची नाही.

दुसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सी++ चं पहिलं प्रमाण १९९८ मध्ये आलं, मग २०११, २०१४, २०१७, २०२० अशा आवृत्त्या येत गेल्या. तुम्ही आवृत्ती सांगितली नाहीत तर कंपायलर स्वतःची ठरलेली धरतो, आणि ती प्रत्येकाची वेगळी. जीसीसी ११ ने सी++१७ धरायला सुरुवात केली, ६ ते १० या आवृत्त्या सी++१४ धरतात. क्लँग १६ पासून १७ वर आला. आता फोनमध्ये टर्मक्सचा ताजा क्लँग आणि लॅबमध्ये काही वर्षांपूर्वी बसवलेलं जीसीसी अशी स्थिती असेल तर काय होईल? फोनवर हिरवंगार दिसलेलं स्टडी-ऑप्शनल, म्हणजे एसटीडीमधलं ऑप्शनल, लॅबमध्ये एरर देईल. तेही प्रॅक्टिकलच्या दिवशी.

म्हणून उलटं करा. लॅबमध्ये ‘जी++ --व्हर्जन’ देऊन आवृत्ती बघून या, आणि घरच्या फाइलीत तीच प्रमाण-आवृत्ती लिहा. लॅबमध्ये सी++११ वर काम करायचं असेल तर फोनवरही -एसटीडी=सी++११ लिहा. मग २०१४ मध्ये आलेलं मेक_युनिक वापरलंत की फोनवरच, घरीच, लाल रेघ येईल. ही लाल रेघ तुमच्या फायद्याची आहे.

तिसरी ओळ आपण पाहिली. तिच्यातलं फोल्डर हे फ्लॅगची फाइल जिथे आहे तिथून मोजलं जातं. एकापेक्षा जास्त फोल्डर असतील तर प्रत्येकाला वेगळी ओळ.

चौथ्या ओळीमुळे वॉर्निंगही दिसायला लागतात: न वापरलेलं व्हेरिएबल, व्हॅल्यू न देता वापरलेलं व्हेरिएबल वगैरे. सुरुवातीला त्रास वाटतो, पण ठेवा.

आणखी एक फ्लॅग कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना लागेल: कॅपिटल डी. त्याने एखादा मॅक्रो आधीपासून ठरवून देता येतो. कोडफोर्सेससारख्या साइटला कोड पाठवण्याआधी बरेच जण आपल्या मशीनवर इनपुट फाइलीतून वाचतात, आणि तो भाग ‘इफडेफ लोकल’च्या आत ठेवतात. इथे लोकल म्हणजे ट्रेन नव्हे, आपलं स्वतःचं मशीन. एडिटरला हा मॅक्रो माहीत नसेल तर तो भाग तो वाचतच नाही. तिथे सुचवण्याही येत नाहीत आणि चुकाही दिसत नाहीत. -डीलोकल ही ओळ, यातला डी आणि लोकल दोन्ही कॅपिटल, घातली की तो भाग जिवंत होतो.

आउटपुटचं नाव देणारा -ओ, वेग वाढवणारा कॅपिटल ओ-दोन, किंवा लायब्ररी जोडणारे लहान एलने सुरू होणारे फ्लॅग या फाइलीत घालायची गरज नाही. क्लँग-डी फक्त वाचतो, प्रोग्रॅम तयार करत नाही. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही चूक लिंकिंगच्या वेळची आहे, ती एडिटर तुम्हाला दाखवणार नाही.

लाल रेघ खरी की खोटी, कसं ओळखायचं?

सोपी कसोटी आहे. तीच फाइल टर्मिनलमध्ये कंपाइल करा. टर्मिनललाही तोच एरर आला तर चूक कोडमध्ये आहे. टर्मिनल गप्प आणि एडिटर ओरडतोय, तर फ्लॅग जुळत नाहीयेत. दुसऱ्या प्रसंगात कोडला हात लावू नका. माझं नायगावपर्यंत जे झालं ते हे न केल्यामुळे.

पण खोटी रेघ तशीच ठेवून पुढे जाणंही बरं नाही. एकदा डोळ्याला लाल दिसायची सवय झाली की मग त्या वीस रेघांमध्ये एकविसावी खरी आली तरी ती दिसत नाही. सेमीकोलन राहिलेला असतो आणि आपण ‘हे असंच दाखवतं’ म्हणत पुढे जातो.

वाचताना सगळ्यात वरच्या रेघेपासून सुरुवात करा. ‘फाइल नॉट फाउंड’ ही वरची चूक असेल तर खालच्या बहुतेक चुका तिचीच पिल्लं असतात. क्लँग-डी नेमके कोणते फ्लॅग वापरतोय ते बघायचं असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘क्लँगडी --चेक=मेन.सीपीपी’ द्या, या कमांडमध्ये क्लँगडी सलग लिहायचं. लांबलचक मजकूर येईल, त्यात ‘कंपाइल कमांड’ हे शब्द शोधा. तिथे तुमचे फ्लॅग दिसत नसतील, नुसतं ‘जेनेरिक फॉलबॅक कमांड’ म्हटलं असेल, तर तुमची फाइल सापडलेलीच नाही. नावाचं स्पेलिंग तपासा.

दोन लाल रेघा मात्र हटकून भेटतात आणि त्या खऱ्या असतात. पहिली ‘बिट्स/एसटीडीसी++.एच’ची. एका ओळीत सगळे हेडर आणणारं हे हेडर जीसीसीबरोबर येतं, ते सी++ च्या प्रमाणाचा भाग नाही. टर्मक्समध्ये जी++ लिहिलंत तरी प्रत्यक्षात चालतो क्लँग, आणि त्याच्याजवळ हे हेडर नाही. त्यामुळे टर्मिनलही हाच एरर देईल. लागणारे हेडर वेगवेगळे लिहा. अगदीच सवय सुटत नसेल तर ‘इन्क्लूड’मध्ये ‘बिट्स’ नावाचं फोल्डर करून त्यात याच नावाची फाइल स्वतः बनवा आणि नेहमी लागणारे हेडर तिच्यात इन्क्लूड करा. कॅपिटल आयची ओळ तिला बरोबर शोधून काढेल.

दुसरी रेघ टर्बो सी++ वरून शिकलेल्यांची: ‘आयओस्ट्रीम.एच’, ‘कोनिओ.एच’, ‘सीएलआरएससीआर’. बोरलँडचं टर्बो सी++ १९९० चं, म्हणजे भाषेच्या पहिल्या प्रमाणाच्याही आठ वर्षं आधीचं. हे शब्द आजच्या कंपायलरला पटवून देणारा फ्लॅग नाही. ‘आयओस्ट्रीम’ पुढचा ‘डॉट एच’ काढा आणि बाकीच्या दोघांना निरोप द्या.

लॅबमधल्या कंप्युटरवर

विंडोज आणि व्हीएस कोड असेल तर मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन बहुधा आधीच बसवलेलं असतं. ते वर बनवलेली टेक्स्ट फाइल वाचत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबून ‘एडिट कॉन्फिगरेशन्स यूआय’ शोधा. फॉर्मसारखं पान उघडेल. त्यात कंपायलरचा पाथ, इन्क्लूड पाथ, डिफाइन्स आणि सी++ स्टँडर्ड असे रकाने आहेत. वरचेच फ्लॅग, फक्त वेगळ्या कपड्यांत. मिनजीडब्ल्यू वापरत असाल तर कंपायलर पाथमध्ये त्याच्या जी++ चा पूर्ण पत्ता द्या, म्हणजे त्याचे हेडर आपोआप सापडतात. बरेच जण टास्क्स.जेसनमध्ये फ्लॅग घालतात आणि रेघा का जात नाहीत म्हणून वैतागतात. ती फाइल बिल्डसाठी आहे, सुचवण्यांसाठी नाही.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूसोबत क्लँग-डीही लावता येतो, पण त्याची जुळवाजुळव जास्त आहे. लॅबच्या दोन तासांत त्या भानगडीत मी तरी पडणार नाही. आणि दोन्ही एक्स्टेन्शन एकाच वेळी चालू ठेवू नका, नाहीतर प्रत्येक चूक दोनदा दिसते.

प्रोजेक्ट मोठा झाला तर

फाइलीगणिक फ्लॅग वेगळे असतील तर कंपाइल_कमांड्स.जेसन लागते. तिच्यात प्रत्येक फाइलीची पूर्ण कमांड नोंदलेली असते. ती हाताने लिहायची नाही. सीमेक वापरत असाल तर -डीसीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स=ऑन, बरोबरच्या चिन्हाच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कॅपिटल, एवढं दिलं की मेकफाइल किंवा निंजाच्या बिल्डमध्ये ती तयार होते. बिल्डच्या फोल्डरचं नाव ‘बिल्ड’ ठेवलंत तर क्लँग-डी तिथेही आपणहून बघतो. साधी मेकफाइल असेल तर ‘बेअर -- मेक’. या फाइलीत तुमच्या मशीनवरचे पूर्ण पत्ते असतात, त्यामुळे मित्राला पाठवून त्याचा उपयोग होत नाही. गिटहबवरही टाकू नका. टीएक्सटीवाली फाइल मात्र खुशाल पाठवा, ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळ्यांकडे तीच असलेली उत्तम.

सी++ मुळापासून मराठीत समजून घ्यायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ ची मालिका मराठी आवाजात आहे. तिथे प्रोग्रॅम टर्मिनलमधूनच कंपाइल करतात, त्यामुळे फ्लॅग टाइप करायची सवय आपोआप लागते.

फोनवरच्या दोन अडचणी

कोड टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. एसडी कार्डाच्या किंवा डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवलात तर कंपाइल होईल, पण तयार झालेला प्रोग्रॅम चालवताना ‘परमिशन डिनाइड’ येईल, कारण अँड्रॉइड तिथून प्रोग्रॅम चालवू देत नाही. त्याचा फ्लॅगशी काही संबंध नाही.

आणि क्लँग-डी मेमरी बरीच खातो. रॅम कमी असेल तर अँड्रॉइड त्याला मधेच बंद करतं आणि सुचवण्या अचानक थांबतात, किंवा सगळं टर्मक्सच ‘सिग्नल ९’ म्हणत बंद पडतं. अशा वेळी मागे उघडी असलेली रील्सची आणि गेमची अॅप बंद करा, एका वेळी एकच फाइल उघडी ठेवा आणि एलएसपी-रीस्टार्ट द्या.